चिंच आणि राख

बाहेरच्या खोलीत नंदकिशोर हसला आणि आत जयंतीच्या हातातला चहा कपाबाहेर गेला. बशीत, बशीतून ताटात, ताटातून ओट्यावर. तिनं पुसला नाही. गाळणं तसंच हातात धरून ती ऐकत राहिली. हसू पुन्हा आलं. मोठं, पोटातून वर चढत आलेलं, शेवटी ठसका लागून मोडलेलं. आधी तिला वाटलं, पाहुणाच हसतोय. पण पाहुण्याचा घोगरा आवाज त्याच वेळी काहीतरी रंगवून सांगत होता, आणि एकाच तोंडानं माणूस बोलेल तरी किंवा हसेल तरी. म्हणजे हसणारा दुसरा. आणि दुसरं त्या खोलीत होतं कोण? लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती. नवऱ्याची झोपेतली कूस, आंघोळीनंतरची शिंक, जिना चढतानाचं पाऊल, सगळं तिला पाठ होतं; आणि हे हसू ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. पोटातलं मूल हललं. त्यालाही बहुतेक ते नवीनच होतं.

चहा घेऊन ती बाहेर गेली तेव्हा दोघं सतरंजीवर समोरासमोर बसले होते आणि दोघांच्या मांड्यांवर आडवी ती बंदूक होती. पाहुणा म्हणजे बोरीवलीचे गुणाजी परब. एका विमा कंपनीत हेडक्लार्क, मूळचे मालवणकडचे, अंगानं आडवे, बोलताना दोन्ही हात हलवणारे. त्यांनाही जुन्या हत्यारांचा नाद. घरी ओसरीची अख्खी भिंत तलवारींनी आणि कट्यारींनी भरलेली आहे म्हणे. नंदकिशोरची बंदूक ते विकत घ्यायला आले होते. "या वयनी," म्हणाले आणि कप घ्यायला अर्धवट उठले. नंदकिशोरनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मिटला. रागानं नव्हे, कंटाळ्यानंही नव्हे. नेहमीचा झाला, एवढंच. "ठेव इथं," तो म्हणाला. दोन शब्द. तिच्या वाटणीचे. ती वळली आणि दाराआड पोचते न पोचते तोच त्याचा आवाज मागून सुरू झाला, "हां, तर ऐक पुढं..." जयंती ओट्याशी येऊन उभी राहिली. आपल्याला काय होतंय ते तिला तिथंच कळलं. तिची तिलाच लाज वाटली, पण दुसरा शब्द नव्हता. तिला मत्सर वाटत होता. एखाद्या बाईचा वाटावा तसा, चक्क.

"आमचे हे मुळातच अबोल," असं ती सगळ्यांना सांगत आली होती. माहेरी पेणला सांगितलं, शेजारच्या सुहासिनीबाईंना सांगितलं, आणि सांगता सांगता त्यात थोडा अभिमानही आला होता. अबोल माणूस मनाचा खोल असतो, असं तिची आई म्हणायची. लग्न होऊन मुलुंडला आली तेव्हा संध्याकाळी दोघं फिरायला जात, पाच रस्त्यावरून पार डोंगराच्या बाजूला, जिथं घरं संपून गवत लागायचं. तो दोन पावलं पुढं असायचा. ती ऑफिसचं विचारायची, तो "ठीक" म्हणायचा. ती सिनेमाचं विचारायची, तो "बघू" म्हणायचा. मग तीच दोघांचं बोलायची. आपलाच प्रश्न, आपलंच उत्तर. वर्षभरात प्रश्न आटले. मग फिरायला जाणंही आटलं. तिला त्याचं फार वाईट वाटलं नव्हतं. काही माणसं बटाट्याला हात लावत नाहीत, काही देवळात जात नाहीत, आपला नवरा बोलत नाही. स्वभावाला औषध नाही, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं आणि त्यावर सहा वर्षं सुखानं संसार केला होता. आता कळत होतं की तो स्वभाव नव्हताच. बोलणं त्याच्याकडे रांजणभर होतं. ते तिच्यासाठी नव्हतं.

आणि बंदूक तर तिच्याही आधी घरात आली होती. त्या हिशेबानं थोरली तीच. इंग्रज गेले त्या साली मुंबईच्या कोट भागात एका जाणाऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात नंदकिशोरनं ती घेतली. नवीनच नोकरीला लागलेला होता, पायांत धड वहाणा नव्हत्या, आणि हा पठ्ठ्या बंदूक घेऊन घरी आला. ठासणीची बंदूक. तोंडातून दारू भरायची, गजानं ठासायची, मग बार. बाराचं नाव कशाला, तिनं ती कधी खांद्याला लावलेलीही पाहिली नव्हती. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर राणीचा मुकुट आणि अठराशे सत्तावन्नचं साल होतं, आणि दस्त्याला, चापाच्या कडीला, नळीच्या टोकाला पितळ. ते पितळ काळपट तपकिरी पडलेलं. दर रविवारी जेवण झालं की तो ती भिंतीवरून खाली घ्यायचा, मांडीवर आडवी ठेवायचा, लाकडाला तेलाचा हात फिरवायचा, लोखंड पुसायचा. पितळाला तेवढं शिवायचा नाही. "ते का नाही हो घासत?" असं तिनं एकदा विचारलं होतं. "राहू दे," तो म्हणाला होता. खंडेनवमीला मात्र बंदूक तिच्या ताब्यात यायची. पाटावर नवं फडकं, हळद, कुंकू, झेंडूचं फूल. दर वर्षी फूल वाहताना तिच्या मनात यायचं की आपण सवतीची ओटी भरतोय, आणि तिचं तिलाच हसू यायचं. तेव्हा यायचं.

पहिलं मूल गेलं तेव्हा ते हसू गेलं. बंदूक पलंगाच्या वरच्या भिंतीवर होती. डोळे उघडले की तीच दिसायची. या खेपेला दिवस गेल्यावर जयंतीनं सांगून टाकलं, की माणसं मारलेली वस्तू मला लेकराच्या डोक्यावर नको. तिची आईसुद्धा म्हणाली, "अगं, बाळंतिणीच्या उशाशी आपण विळा ठेवतो. लोखंड असलेलं बरं असतं." पण जयंती हट्टाला पेटली होती. तिला वाटत होतं, तो भांडेल. निदान यावर तरी भांडेल. त्यानं रात्रीच बंदूक खाली उतरवून चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली, आणि पुढच्या महिन्यात सांगितलं की बोरीवलीचे एक परब आहेत, त्यांना देतोय. चोरबाजारात ओळख झाली होती. एवढंच. आपण जिंकलो असं तिला वाटलं होतं. आता ओट्यावरचा चहा पुसताना तिच्या लक्षात आलं की बंदूक जातेय ती एकटी जात नाहीये.

कारण गुणाजी नंतरही येत राहिले. बंदुकीचा परवाना एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर व्हायचा म्हणजे सरकारी काम. कागद यायचा तेव्हा येणार. पण कागद आला का विचारायला माणसानं दर रविवारी बोरीवलीहून मुलुंडला यायचं काही कारण नव्हतं. नंदकिशोर रविवारी सकाळीच दाढी करू लागला. खारी बिस्किटं स्वतः जाऊन आणू लागला. तीन वाजले की गॅलरीत उभा. आणि गुणाजी आले की दोघं त्या सतरंजीवर, मधे ती बंदूक, आणि बोलणं. जयंती आत पाटावर बसून तांदूळ निवडायची आणि ऐकायची. तिला शब्द सगळे कळत नव्हते. पण नवऱ्याच्या आवाजाला एवढे चढउतार आहेत, तो नकला करतो, "छट् रे!" म्हणतो, "अरे यार, ऐकून तर घे!" म्हणतो, हे तिला ऐकू येत होतं. मग ती तांदळाचं ताट उगाचच जोरानं आपटायची. बाहेर कुणाला पत्ता नसायचा.

एकदा गुणाजींचा आवाज एकदम खाली आला. "ह्यो रंग बघ रे नंदू, पितळेचो," ते म्हणत होते. "शंभर वर्सां लागतत असो येवक. किती हातांचो घाम असात ह्या! पैशान मेळाचो नाय. ह्येका कोणी हात लावता नये."

"म्हणून तर मी पितळाला कधी शिवलो नाही," नंदकिशोर म्हणाला. "एवढ्या वर्षांत ही गोष्ट ओळखणारा तूच पहिला."

"बंदूक माझ्याकडं इली तरी तुझीच रे. दर आयतवारी ये बोरीवलीक. ओसरीत बसू. मागे सगळो डोंगर, कोण विचारता आपल्याक!"

"येईन की. रविवारी मला काय काम असतं?"

जयंतीच्या हातातला खडा पुन्हा तांदळात पडला. रविवारी मला काय काम असतं. किती सहज म्हणाला. तिच्या डोळ्यांसमोर सहा वर्षांचे रविवार उभे राहिले. डाळिंब्यांची उसळ, दुपारची झोप, चारचा चहा, त्या चहाबरोबर कधीमधी "आज उकडतंय" एवढं बोलणं, आणि तेवढ्यावरही आपण दोघं आहोत असं वाटणं. ते काम नव्हतं. ते काहीच नव्हतं. आणि आता तर डोहाळजेवण झालं की ती पेणला जाणार, बाळंतपण आणि पुढचे महिने धरून बरेच दिवस. तिकडे ती अंथरुणावर, आणि इकडे हा रविवार रविवार बोरीवलीच्या ओसरीवर पोट धरून हसणार. ते हसू एकदा तिथं मुरलं की परत कुठलं यायला? तिनं बंदूक घराबाहेर काढली होती आणि तिच्या पाठोपाठ नवरा चालला होता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. त्या रात्री पान वाढताना तिनं विचारलं, "अहो, दुपारी कशाला एवढे हसत होतात?"

"कधी?"

"परब होते तेव्हा. मला आतपर्यंत ऐकू येत होतं."

"ते होय. असंच. जुनी गंमत."

"सांगा ना मला."

त्यानं घास थांबवून तिच्याकडे पाहिलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "अगं, तुला त्यात काय वाटणार?" तो म्हणाला. वाईट मनानं म्हणाला नाही, हेच वाईट. नंतर एका दुपारी तिनं बंदूक पलंगाखालून काढली आणि नावं पाठ केली. ऐकून ऐकून येत होतीच. घोडा, चाप, दस्ता, गज, घोड्याखालची टोपी. संध्याकाळी तो आल्यावर तिनं ती त्याला म्हणून दाखवली. हसत, थट्टेवारी नेत, पण प्रत्येक नावाला त्याच्याकडे बघत. तो बूट काढत होता. "वा," तो म्हणाला. शेजारच्या मुलीनं शाळेतली कविता म्हणून दाखवली तेव्हाही तो असाच "वा" म्हणाला होता. मग त्यानं विचारलं, "पाणी तापलंय का?" त्या रात्री जयंती भिंतीकडे तोंड करून निजली आणि तिला त्या दोघांचा इतका राग आला की दात दुखायला लागले. बंदुकीचा, आणि तिच्या त्या घोगऱ्या नव्या मालकाचा. नवऱ्याचा राग कसा करायचा ते तिला येत नव्हतं. सवय नव्हती.

कागद आला. रविवारी गुणाजी बंदूक न्यायला येणार असं ठरलं. शुक्रवारी रात्री नंदकिशोरनं तिला शेवटचं तेल लावलं, चादरीत गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि म्हणाला, "आता उघडायची ती गुणाजीसमोरच." शनिवारी तो ऑफिसला गेला. जयंतीनं जेवण केलं, झाकपाक केली. मग तिनं वाटीत चिंच भिजत घातली. कशासाठी, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. शेजारी सुहासिनीबाईंकडे कोळशाची शेगडी होती, त्यांच्याकडून सुपलीभर राख मागून आणली.

"एवढी राख कशाला गं?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"पितळ घासायचंय."

"या दिवसांत कशाला वाकतेस? बाई येईल ती घासेल."

"थोडंच आहे," जयंती म्हणाली.

मोरीत पाट घेऊन ती बसली. पोटामुळे मांडी नीट घालता येत नव्हती. बंदूक तिनं एका पायावर आडवी धरली. घरातून जाणारी वस्तू घासूनपुसून द्यायची, हे तिला लहानपणापासून शिकवलं होतं. शेजारणीची वाटीसुद्धा कधी खरकटी परत द्यायची नाही. लोक काय म्हणतील, परबांच्या घरी आई असेल, बायको असेल, म्हणतील मुलुंडच्या बाईनं पितळ कधी घासलं नाही वाटतं. असं सगळं ती मनात बोलत होती आणि तिचा अंगठा चिंचेचा कोळ घेऊन चापाच्या कडीवरून फिरत होता. गुणाजींचा शब्द न् शब्द तिला आठवत होता. शंभर वर्सां लागतत. तिनं राखेची चिमूट घेतली. आधी काळं पाणी आलं, मग हिरवट, मग एकाएकी बोटाएवढी जागा पिवळीधमक झाली, आणि जयंतीला इतका आनंद झाला की ती दचकली. मग तिचा हात थांबेना. कडी झाली, दस्त्याची टाच झाली, नळीचं टोक झालं. घाम डोळ्यांत जात होता. बांगड्या मागे सारून सारून मनगटाला वळ आले. पितळ झाल्यावर तिनं विटकरीची पूड घेतली आणि मुकुटाची लोखंडी पट्टी घासली, ती पांढरी होईपर्यंत. मूल आत एकदम गप्प होतं. शेवटी तिनं बंदुकीवर तांब्याभर पाणी ओतलं, कोरडी केली, चादरीत गुंडाळली आणि सुतळीची गाठ होती तश्शी मारली. मोरी धुतली. हात नाकाशी नेले तर आंबट वास येत होता.

रविवारी गुणाजी नवं धोतर नेसून आले. पिशवीत बंदुकीसाठी शिवून आणलेली खारव्याची खोळ होती. जयंती दाराशी उभी राहिली. आत जायला हवं होतं, गेली नाही. नंदकिशोरनं सुतळी सोडली, चादरीचं एक टोक बाजूला केलं, आणि गॅलरीतलं ऊन पितळावर पडून छताला एक पिवळा ठिपका नाचायला लागला. गुणाजींचे हात, जे सदा हलत असायचे, ते मांडीवर पडून राहिले. नंदकिशोरनं चादर पूर्ण काढली. बंदूक उलटी केली, सुलटी केली. मग ती तोंडाजवळ नेली आणि वास घेतला.

"ह्यां काय केलंस रे मेल्या?" गुणाजी म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तो त्यांचा वाटलाच नाही.

नंदकिशोरनं मान वर केली आणि जयंतीकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हातांकडे. कालच्या राखेनं बोटांची टोकं अजून खरखरीत होती; तिनं ती पदरात घेतली. आता, असं तिला वाटलं. आता ओरडेल. भीती वाटलीच, पण त्या भीतीतच एक अधीर असं काहीतरी होतं. ओरडेल, नाही नाही ते बोलेल, पण ते सगळं तिच्यासाठी असेल.

"मीच घासली," नंदकिशोर म्हणाला. "म्हटलं तुला द्यायची, तर स्वच्छ द्यावी."

"तू घासलंस?"

"हो."

"चिंचेन? तू?"

"हो म्हटलं ना."

गुणाजी त्याच्याकडे बघत राहिले. माणसाला पुन्हा पहिल्यापासून ओळखायला लागावं, तसं. मग त्यांनी बंदूक उचलली, खोळीत घातली. "ठरला ता ठरला," एवढं म्हणाले. चहाला थांबले नाहीत. नंदकिशोर त्यांच्यामागून जिन्यात गेला. जिन्यात गुणाजींचा आवाज चढला; शब्द कळले नाहीत, पण हसण्याचा आवाज तो नव्हता. नंदकिशोर वर आला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. जयंतीनं दोन कप केले होते. तो दोन्ही प्यायला, एकामागून एक.

"अहो," ती म्हणाली. "मी..."

"असू दे." तो गॅलरीतून आत आला, तिच्यासमोर उभा राहिला, आणि लग्न झाल्यापासूनचं बहुधा सगळ्यात लांब वाक्य तिच्याशी बोलला. "तुला काय माहीत, तू आपली घरातली भांडी घासतेस तशी घासलीस, चांगल्यासाठीच केलंस, या दिवसांत एवढी वाकलीस आणि त्यावर तुला कुणी बोललेलं मला ऐकवलं नसतं." मग त्याला आपणच एवढं बोललो याचा संकोच वाटला असावा. तो पेपर घेऊन बसला. जयंती स्वैपाकघरात गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. त्यानं क्षमा केली होती, पण भलत्याच बाईला. ज्या बाईला माहीत नव्हतं, तिला. माहीत असून घासणारी बाई त्याच्या स्वप्नातही आली नव्हती. मत्सर करण्याएवढं तिच्यात काही असेल, हेसुद्धा त्याला सुचलं नव्हतं. तिला वाटलं, बाहेर जावं आणि सांगावं, मी ऐकलं होतं, प्रत्येक शब्द ऐकला होता. ती गेली नाही.

पुढचे रविवार मात्र तिचे झाले. सगळेच्या सगळे. तो दाढी सोमवारीच करू लागला. तीन वाजता गॅलरीत जात नाहीसा झाला. जेवण झाल्यावर हात कशाला लावावा हे कळत नसल्यासारखा पलंगावर बसून राही. कधी मांडीवर पालथे हात ठेवून, कधी त्या हातांकडे बघत. पलंगाच्या वर भिंतीला दोन खुंट्यांची भोकं उरली होती. "आज उकडतंय," ती म्हणायची. "हं," तो म्हणायचा. पूर्वीही हेच होतं, पण पूर्वी तिला ते पुरत होतं. आता तिनं त्याचा दुसरा आवाज ऐकलेला होता. त्याचं "हं" ऐकलं की त्या "हं"च्या मागे किती काय काय दडलेलं आहे ते तिला माहीत होतं, आणि ते निघत नव्हतं. एकदा तिनं मुद्दाम खारी बिस्किटं आणली. त्यानं एक खाल्लं.

तिला न्यायला भाऊ यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, दाराची कडी वाजली. ट्रंकेत लुगडी भरता भरता ती उठली. दारात गुणाजी होते. ऑफिसमधून परस्पर आलेले, कोट हातावर, चेहरा वाळलेला.

"नंदू घरात नसणार म्हणूनच आलो, वयनी," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलायचं होतं."

त्यांना पाणी दिलं, चहा टाकला. ते खुर्चीच्या टोकावर बसले. सतरंजीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"माझ्या मनातून जात नाय हो," ते म्हणाले. "बंदूक भिंतीवर लावलीय, पण तिच्याकडं बघवत नाय. पितळेचं एक वेळ जाऊ दे, काय ती वस्तू, मी मेल्यावर कोण बघणार आहे तिला. पण नंदू? बंदुकीवर श्वास पडू नये म्हणून तोंडावर रुमाल धरणारा माणूस तो. तो मोरीत राख घेऊन बसेल? मला नाय पटत. मी त्याला जिन्यात काय वाट्टेल ते बोललो. तुला कधी काही कळलंच नव्हतं म्हटलं, नुसत्या गजाली मारत होतास म्हटलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं. ती मान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाय." ते थांबले. "वयनी, खरं सांगा. दुसऱ्या कुणी घासली असेल, चुकून, न कळता, तर मला राग नाय. शपथ घेतो. मी इथंच बसतो तो येईपर्यंत, आणि त्याचे पाय धरतो."

जयंती कपाचा कान धरून उभी होती. एक शब्द पुरत होता. मी. तो म्हटला की हे गृहस्थ इथं बसणार, संध्याकाळी नंदकिशोर जिना चढून येणार, आणि या खोलीत पुन्हा ते हसू होणार. मोठं, ठसका लागणारं. तिला ते आत्ताच ऐकू आलं. ती स्वैपाकघरात असणार, दोन कप करत. उद्या ती पेणला असणार, आणि परवापासून सगळे रविवार बोरीवलीचे. तिला गुणाजींची दया आली. खरंच आली. आणि तेवढ्यात त्या दयेच्या मधोमध तिला दिसलं की हा परका माणूस तिच्या नवऱ्याला तिच्याहून चांगला ओळखतो. नंदू असं करणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. कुणी न सांगता ठाऊक आहे.

"हो," ती म्हणाली. "त्यांनीच घासली."

इथवर ठीक होतं. नवऱ्यानं एक सांगितलं, बायकोनं तेच सांगितलं. पुराणातल्या बायकांनीसुद्धा यापेक्षा वेगळं काय केलं? पण गुणाजी अजून तिच्याकडे बघत होते, आणि तिचं तोंड थांबलं नाही. "मी नको नको म्हणत होते," ती म्हणाली. "परबांना आवडायचं नाही म्हटलं. पण ऐकलं नाही. म्हणाले, त्यांना काय कळतंय."

गुणाजींनी मान हलवली. दोनदा हलवली. मग कोट उचलला. "बरं झालं विचारलं," ते म्हणाले. "नायतर उगाच जिवाला लागून राहिलं असतं. येतो वयनी. सुखरूप मोकळ्या व्हा." चहाचा कप भरलेला तसाच होता. जयंतीनं तो मोरीत ओतला, कप धुतला, पुसला आणि फडताळात बाकीच्या कपांमागे लावला. मग ती ट्रंकेपाशी बसली, पण लुगड्यांच्या घड्या नीट पडेनात.

संध्याकाळी नंदकिशोर आला तो दारातच घुटमळला. हातपाय धुतले, पाटावर येऊन बसला, आणि ती पान वाढत असताना स्वतःहून बोलायला लागला. पहिल्यांदा तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाशी बोलतोय.

"उद्या तू जाणार," तो म्हणाला. "घर खायला उठेल मला. ऑफिसात दिवसभर एकच विचार करत होतो. रविवारी बोरीवलीला जाऊन येऊ का? गुणाजीला सांगून टाकतो काय झालं ते. तो समजून घेईल गं. मोठ्या मनाचा आहे. तुला माहीत नव्हतं, म्हटलं की संपलं. पण तुझं नाव घ्यायचं, तर तुला विचारल्याशिवाय कसं जायचं?" तो तिच्याकडे बघत होता. तोंडाकडे. डोळ्यांत तो रविवारच्या तीन वाजताचा उजेड होता, आणि तो या खेपेला तिच्यावर पडला होता. "जाऊ का?"

तिच्या हातातली पळी वरणात थांबली.

"नको," ती म्हणाली. "माझं नाव नका घेऊ कुणापाशी. तुम्हाला माझी शपथ आहे."

मग त्यानं ताट पुढं ओढलं.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."